निवडणुकीत उमेदवार कामाचं सोडून एकमेकांच्या घरादारावर का घसरतात?

तुम्ही विचारलंय की रस्ते-पाणी बाजूला ठेवून उमेदवार समोरच्याच्या कुटुंबावर, चारित्र्यावर का जातात, आणि दोष मतदारांचा आहे का. मी मतदारांना दोष देणार नाही. माझ्या मते आपली निवडून येण्याची पद्धतच चिखलफेक फायद्याची करून ठेवते.

लोकसभा, विधानसभेला ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं लागतातच असं नाही. त्यामुळे सगळा खेळ मतांच्या फरकाचा. नवा मतदार आपल्याकडे वळवायचा तर दारोदार फिरावं लागतं, केलेलं काम दाखवावं लागतं. समोरच्याचा मतदार मात्र ‘सगळे सारखेच’ म्हणत घरी बसला, तरी फरक एका मताने बदलतोच. आणि त्याला घरी बसवायला एक क्लिप पुरते. जाहीर प्रचार मतदान संपण्याच्या ४८ तास आधी बंद होतो, तेव्हा उत्तर द्यायला सभाही घेता येत नाही. नागपुरातल्या आमच्या वस्तीत एका उमेदवाराच्या घरगुती भांडणाचा जुना ऑडिओ नेमका मतदानाच्या आदल्या रात्री फिरला. सकाळी बूथबाहेर मतदार चिठ्ठ्या घेताना लोक त्यावरच बोलत होते. महिनाभर ज्या नाल्यावरून वस्तीत रान पेटलं होतं, त्याचं नाव कुणी काढलं नाही. मला याचा फार संताप आला होता.

कायदा नाही असं नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा भ्रष्ट आचार आहे. पण ते विजयी उमेदवाराने, त्याच्या एजंटने किंवा त्यांच्या संमतीने कुणी केलं हे सिद्ध करावं लागतं, तेही निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका टाकून. कुणी पाठवली हेच माहीत नसलेल्या क्लिपची संमती सिद्ध करणार कशी?

आता दुसरी पद्धत बघा, तीही नागपुरातलीच. मी शिक्षक आहे, विधान परिषदेच्या नागपूर शिक्षक मतदारसंघात मत देतो. तिथे मशीन नसतं. मतपत्रिका मिळते आणि केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा कुणालाच मिळाला नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा मतदारसुद्धा उद्या कामी येऊ शकतो. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या स्टाफरूममध्ये आलेला एक उमेदवार म्हणाला, ‘सर, पहिली त्यांनाच द्या, पण दुसरी मला.’ ज्याचे मतदार मागायचे, त्याच्या घरातलं त्यांच्यासमोर काढता येत नाही. त्या निवडणुकीत बोलणं झालं ते जुन्या पेन्शनवर.

अर्थात सगळं श्रेय पद्धतीला देता येणार नाही. आमची मतदारयादी छोटी, आसपासच्या शाळांतले बरेच जण एकमेकांना ओळखतात. शिवाय काही जण ‘फक्त १ लिहा, बाकी कोरं ठेवा’ असंही सांगत फिरतात, आणि तसं झालं की दुसऱ्या पसंतीला अर्थच राहत नाही. कामावरची कडक टीका मात्र हवीच. प्रतिज्ञापत्रातली मालमत्ता, दाखल गुन्हे, खर्च न झालेला निधी हे सगळं विचारायलाच पाहिजे. ते चिखलफेकीत मोडत नाही.

माझं म्हणणं असं, की सुरुवात महापालिकेपासून करावी. २०१७ मध्ये नागपुरात १५१ जागांसाठी ३८ प्रभाग होते, बहुतेक चार सदस्यांचे. पण अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची मतं वेगळी मोजली जातात, म्हणून चारही ठिकाणी लढत शेवटी दोघांच्या भांडणावर येते. तिथेच पसंतीक्रम लावला तर शेजारच्या मोहल्ल्यातल्या प्रतिस्पर्ध्याचे मतदारही जपावे लागतील. हा कायदा विधिमंडळच बदलू शकतं, आणि त्याचं हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरतं. आम्ही शिक्षक दरवर्षी तिथे पेन्शनसाठी मोर्चा नेतो. निवेदनात ही मागणीही घालावी असं मी संघटनेच्या बैठकीत सांगितलं आहे.