पहिली स्नोमोबाइल घेताय? आधी इंजिन बघा

अभिनंदन! बर्फावर धावणाऱ्या या पहिल्या गाडीसाठी हॉर्सपॉवरचे आकडे बाजूला ठेवा, इंजिन कुठल्या प्रकारचं आहे ते आधी विचारा.

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं ताजं मिश्रण जळण्याआधीच एक्झॉस्टमधून निसटतं, कधी कधी एक तृतीयांशपर्यंत. गाडी सुरू केल्यावरचा निळसर धूर आणि मागच्या बर्फावरचे तेलकट ठिपके, ते हेच. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या टू-स्ट्रोकमध्ये इंधन उशिरा, एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर पडायचं छिद्र) मिटत आल्यावर थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, म्हणून नासाडी खूप कमी. फोर-स्ट्रोक वजनाला जड, पण आवाजाला सगळ्यात शांत, आणि त्यात ऑइल इंधनाबरोबर जळत नाही. तुम्हाला ट्रेलवरच (बर्फातल्या आखलेल्या वाटांवरच) फिरायचं असेल तर मी डोळे झाकून फोर-स्ट्रोक सांगेन.

सुरुवातीच्या चुका:

- मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा लावणं. हे तर अजिबात करू नका! आवाजाच्या तक्रारींमुळे चांगले ट्रेल बंद होतात.
- उभी गाडी उगाच चालू ठेवणं.
- कंपनीने सांगितलेलं सोडून स्वस्तातलं ऑइल भरणं.

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं मनात असेल तर ऐका: तिथे ठरावीक मॉडेलंच चालतात, ताशी 35 मैल वेगाला आवाज 67 डेसिबलच्या आत लागतो. पैसे भरण्याआधी पार्कची यादी बघा.