गुडघ्याचा डिसॅबिलिटी क्लेम नामंजूर झालाय? आधी जुने कागद काढा

राम राम हवालदारसाहेब. तुमची हकिगत थोडक्यात अशी: बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या शारीरिक क्षमतेच्या परीक्षेत, नऊ फुटी खड्डा ओलांडताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलात) ऑपरेशन झालं, पुढची वर्षं लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण फिट नसलेल्यांच्या वर्गात, गेली. 2021 ला पेन्शनीवर येताना रिलीज मेडिकल बोर्डानं (निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळानं) 20 टक्के डिसॅबिलिटी लिहिली, पण 'नाना'चा शेरा मारला, म्हणजे दुखणं सेवेमुळे झालेलंही नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम फेटाळला गेला आणि तुम्ही गप्प बसलात. आता इंदूरात नवा एमआरआय काढू का आणि जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र घेऊ का, असं विचारताय.

या कामासाठी दोन्ही नको. दिव्यांग प्रमाणपत्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळतं. त्यातल्या बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून पुढे, आणि गुडघा कशानं गेला हे तिथं कोणी विचारत नाही. फौजेत 20 टक्के पुरतात, पण सगळा वाद 'कशानं' याच्यावरच असतो. आजचा एमआरआय गुडघा आज कसा आहे ते सांगेल. खड्ड्यात पडलात ती सकाळ त्यात दिसणार नाही.

मी पलटणीत क्लर्क होतो, डॉक्युमेंटेशन माझ्याकडे असायचं. तिथं बघितलेली गोष्ट अशी की जितका कागद जुना, तितकं त्याचं वजन जास्त. पहिला कागद इंजुरी रिपोर्ट. त्यात माणूस ड्यूटीवर होता का, या रकान्यात काय भरलंय ते बघा. तो सापडत नसेल तर एमएचची पहिली केसशीट. अ‍ॅडमिट करताना डॉक्टर पहिल्याच ओळीत इजा कशी झाली ते लिहितात. तिथं 'पीटी करताना पडला' एवढं असलं तरी खूप झालं, कारण ते लिहिताना पेन्शनचा विषयच कोणाच्या डोक्यात नव्हता. नंतर रीकॅट बोर्डाचे, म्हणजे नोकरीत असताना मेडिकल कॅटेगरी पुन्हा तपासणाऱ्या बोर्डाचे, कागद. कित्येकदा सुरुवातीच्या बोर्डांनी दुखापत सेवेमुळे झाली असं मान्य केलेलं असतं आणि शेवटच्या बोर्डाला मात्र ती अचानक परकी वाटू लागते. असा विरोधाभास सापडला तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच करा.

तुमच्याकडे हे नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका आणि रिलीज बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग मागा, नुसतं नामंजुरीचं पत्र नको. एएफएमएसएफ-16 या फॉर्मात बोर्डाला मत देताना कारणही द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी एकच वाक्य असतं: इजा पीस स्टेशनला, म्हणजे लढाईच्या भागाबाहेरच्या छावणीत, झाली. हे कारण मला कधीच पटलेलं नाही. पीटी, बीपीईटी ही ड्यूटीच आहे, हुकमानं खेळलेला व्हॉलीबॉलही नियमात ड्यूटीत मोडतो. मग स्टेशन पीस असो की फील्ड, गुडघ्याला काय फरक पडतो?

सुप्रीम कोर्टाचा जुलै 2013 चा धरमवीर सिंग निकाल अपिलात जरूर घाला. प्रकरण फिटांच्या आजाराचं होतं, पण तत्त्व तुमच्या कामाचं आहे. भरतीच्या वेळी जवान फिट होता, कागदावर दुखण्याची नोंद नव्हती, तर ते सेवेशी जोडलेलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डानं कारण न देता मत दिलं तर ते टिकत नाही.

पैशाचंही सांगतो. 100 टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) असतं, खाली त्याच प्रमाणात. बेसिक 45,000 धरलं तर 20 टक्क्यांना 2,700 रुपये. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालानं पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही राउंडिंगचा हक्क दिला. त्यात 50 च्या खालचे टक्के 50 धरतात, म्हणजे 6,750, वर महागाई वेगळी. पण हे राउंडिंग आपोआप पडेल म्हणून वाट बघू नका, अर्जात स्पष्ट मागा. (21 सप्टेंबर 2023 नंतर सुटलेल्यांना नवे नियम लागतात, ते भाऊ वाचत असतील तर त्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये.)

आता उशिराचं. पहिलं अपील नामंजुरीपासून सहा महिन्यांत करायचं असतं, ती मुदत तुमची केव्हाच गेली. तरी अपील कराच, उशिराचं खरं कारण लिहून माफी मागा. ते फेटाळलं तर दुसरं अपील, आणि तिथंही नाही जमलं तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. आपल्या मध्य प्रदेशासाठी त्याचं बेंच जबलपूरला आहे. पेन्शन दर महिन्याची बाब असल्यानं नुसत्या उशिरामुळे दार सहसा बंद होत नाही. मात्र सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारणपणे अर्ज केल्याच्या मागच्या तीन वर्षांचीच मिळते. थोडक्यात, बसून राहाल तेवढे महिने खिशातून जातील.

मसुद्यासाठी आधी इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, पैसे लागत नाहीत. 'हमखास काढून देतो, एवढे टक्के माझे' म्हणणारे एजंट महूच्या आसपासही भेटतील, त्यांच्या हातात ओरिजिनल डिस्चार्ज बुक देऊ नका. इंजुरी रिपोर्ट मिळाला नाही तर त्या दिवशी ग्राउंडवर असलेल्या दोन साथीदारांची शपथपत्रं घ्या, त्यात तारीख, जागा आणि उचलून एमआय रूमला (पलटणीच्या दवाखान्यात) कोणी नेलं ते येऊ द्या. आरटीआयचं उत्तर आलं की बोर्डानं लिहिलेलं कारण शब्दशः इथं टाका, नाव-नंबर झाकून. मग अपिलात त्याला काय उत्तर द्यायचं ते बघू.