वाचकांचे प्रश्न : लालन फकीर, त्यांची गाणी आणि पावसातलं गोपीयंत्र

प्रश्न : लालन फकीर हिंदू की मुसलमान? त्यांचा जन्म १७७४ चा हे खरं का? (वाचक, मुलुंड)

लालन हे बंगालचे बाउल, म्हणजे गात फिरणाऱ्या पंथाचे संत-कवी. त्यांच्या मृत्यूची तारीख पक्की आहे : १७ ऑक्टोबर १८९०, कुष्टियाजवळचं छेउडिया, आजच्या बांगलादेशात. जन्मसाल मात्र वजाबाकीतून आलंय. तिथल्या ‘हितकरी’ पत्राने मृत्युलेखात वय ११६ छापलं, त्यावरून १७७४. धर्म त्यांनी कधी सांगितला नाही. जात विचारणाऱ्यांची गाण्यातून थट्टाच केली. आपले अंत्यविधी कुठल्याही पंथाच्या रीतीने होऊ नयेत ही त्यांची इच्छाही त्याच लेखात नोंदलेली आहे. तेव्हा त्यांना कुठल्याही एका बाजूला ओढणारा मजकूर दिसला, तर जपून.

प्रश्न : शेवटी ‘लालन बले’ (लालन म्हणतो) आलं की गाणं त्यांचंच समजायचं का? (वाचक, दादर)

नाही. ‘तुका म्हणे’ चिकटवून खपवलेले अभंग आपल्याकडे कमी आहेत का? लालननी स्वतः वही ठेवली नाही. शिष्यांनी ऐकून उतरवून घेतलं. रवींद्रनाथांनी १९१५-१६ मध्ये ‘प्रवासी’ मासिकातून २० गाणी छापली. गाणं बसवायचं तर पाठ छापील संग्रहातून घ्या, व्हिडिओखालच्या शब्दांवरून नको.

प्रश्न : कोलकात्याहून आणलेलं गोपीयंत्र जुलैत भद्द वाजतंय. तार कितीही पिळली तरी स्वर उतरतो. (वाचक, गोरेगाव)

मग पिळणं थांबवा! गोपीयंत्र म्हणजे बाउलांचं एकतारी वाद्य : तळाला कातडं मढवलेलं भांडं, त्यावर बांबूचे दोन पाय आणि मधे एक तार. दोष तारेत नाही, तळाच्या कातड्यात आहे. दमट हवेत कातडं ओलावा पितं, सैल पडतं आणि ताण निघून जातो. तशात खुंटी फिरवत राहिलात, तर कातडं मध्यावर फाटेल, नाहीतर बांबू वरच्या पेरापाशी चिरेल.

आधी खुंटी दोन-तीन फेरे सैल करा, कारण सुकताना कातडं आकसतं आणि तार आपोआप ताणली जाते. मग ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब वीतभर अंतरावर धरून, भांडं फिरवत, १०-१५ मिनिटं शेक द्या. एलईडी उपयोगाचा नाही, तो तापतच नाही. गॅसवर तर धरूच नका, कातडं कडक होऊन तडकतं. पाच मिनिटं निवू द्या, मगच स्वर लावा, तोही बांबूचे पाय न दाबता. पाय दाबले की तार ढिली पडून स्वर खाली येतो. गाताना हवा असतो तो हाच उतार. दोन्ही पाय सारखे दाबा, एकच दाबला तर सांगाडा पिळवटतो.

कातड्याखाली तारेच्या गाठीला बटण किंवा चामड्याची चकती आहे ना, पाहा. नसेल तर तार कातडं कापत जाते. तुणतुण्याची बारीक पोलादी तार चालेल. खुंटी घसरत असेल तर खडूची पूड लावा. वाजवून झालं की तार सैल करून कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. कातडं फाटलंच, तर तबला-ढोलकी मढवणाऱ्याकडे न्या. सिंथेटिक पडदा पावसात स्वर धरतो खरा, पण आवाज कोरडा होतो.