मेलेल्या अळ्या गोळा करून पोट भरेल का?

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सागावरच्या मेलेल्या अळ्या डबीत भरून घरी आणते, त्यांना मारणारे जिवाणू शोधायचेत म्हणते. 'यात नोकरी आहे का? डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळेचा डिप्लोमा) केलेलं बरं नाही का?' असं ते विचारतात.

नमस्कार. काळजी रास्त आहे, पण ती डबी फेकू नका.

सागाच्या पानांची जाळी करणाऱ्या अळ्याही रोगाने मरतात. पण मेलेल्या अळीत जिवाणू सापडला म्हणजे त्यानेच तिला मारलं, असं होत नाही. मेल्यावर कुजवणारे जिवाणू भराभर वाढतात. म्हणून अळी नुकती मेलेली हवी. तिच्यातला जिवाणू वेगळा वाढवून पानावरून निरोगी अळीला खाऊ घालायचा. तीही तशीच मेली आणि तिच्यातून तोच जिवाणू परत मिळाला, तरच तो खरा मारेकरी. पुढे नाव ठरवायचं. त्यासाठी जिवाणूंची ओळख पटवणारं १६एस जनुक वाचतात, पण बॅसिलस थुरिंजिएन्सिस आणि माणसाला अन्नातून बाधणारा बॅसिलस सिरियस यांच्यातला फरक त्यावरून नीट कळत नाही. मायक्रोस्कोपखाली बीजाणूशेजारी (जिवाणूच्या टणक, सुप्त रूपाशेजारी) प्रथिनाचा स्फटिक दिसला, की थुरिंजिएन्सिस ओळखू येतो.

हा जिवाणू १९०१ साली जपानच्या इशिवातांना सापडला तो रोगट रेशीमकिड्यांत. तुमच्याकडे तर ऐनाच्या झाडावर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात! सागावर फवारलेलं या जिवाणूचं औषध ऐनावर उडालं तर काय होईल, हे ओळखणारं माणूस तुमच्याच भागात हवं. मला तुमच्या मुलीचं मोल वाटतं ते यासाठी.

आता नोकरीचं. निव्वळ या विषयाच्या जागा थोड्याच. जबलपूर आणि देहरादूनच्या वन संशोधन संस्थांत असं काम चालतं, पण प्रकल्पावरची नेमणूक मुदतीची असते. म्हणून एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करू द्या, सोबत नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी. शुद्ध कल्चर, म्हणजे एकाच जिवाणूची वेगळी वाढ, काढणारा हात जैविक कीटकनाशकं, औषधं, खाद्यपदार्थ अशा कारखान्यांच्या प्रयोगशाळेतही चालतो. डीएमएलटी वाईट नाही, पण त्यासाठी पदवी अर्धवट सोडू नये.

या पावसाळ्यात तिने कॉलेजमधल्या एखाद्या प्राध्यापकांना सोबत घ्यावं आणि राखीव जंगलात जाण्याआधी वनखात्याची परवानगी काढावी. प्रत्येक डबीवर तारीख, झाड आणि अळीचा रंग लिहावा. आणि डबी घरच्या फ्रीजमध्ये नको, कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवावी.