दरडोई म्हणजे नक्की कुणाच्या डोईमागे?

प्रश्न : मी एम.ए.ला इतिहास घेतला आहे. १९१०-११ च्या सुमारास मोठ्या शहरांत माणशी किती वीज होती, यावर प्रकल्प करते आहे. शिकागो पुढे, बर्लिन मधे, लंडन मागे, हा क्रम सगळीकडे तोच आहे, पण आकडे मात्र प्रत्येक पुस्तकात वेगळे. कुठला धरू?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : ताई, आकडा धरू नका, भागाकार धरा. वर काय ठेवलंय आणि खाली काय, हे जिथे सांगितलेलं नाही तो आकडा कितीही छान दिसला तरी सोडून द्या.

मी वीज मंडळात एकतीस वर्षं मीटर तपासत हिंडलो. जोडलेला भार वेगळा आणि वापरलेले युनिट वेगळे, हे नव्या पोराला शिकवण्यातच माझा पहिला आठवडा जायचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात आठ माग जोडलेले असतात. सुताचा भाव चढला की त्यातले चार गप्प. कागदावर भार तेवढाच, मीटर मात्र निम्म्या चालीनं फिरतं. तुमच्या काळातल्या कंपन्या तर आपला व्याप दिव्यांत मोजायच्या. ब्रिटनमध्ये आठ मेणबत्त्यांच्या उजेडाचा दिवा हे माप, अमेरिकेत सोळा मेणबत्त्यांचा. कार्बनच्या तारेचा आठ मेणबत्तीचा दिवा साधारण तीस वॅट खायचा, म्हणून यंत्र चालवणाऱ्या मोटरचासुद्धा दिव्यांत हिशोब करून टाकायचे. ‘इतके हजार दिवे’ असं वाचलंत, तर ती जोडणी समजा. किती तास पेटले, ते त्यात नाही.

त्यातच टंगस्टनच्या तारेचे दिवे आले. तेवढ्याच उजेडाला कार्बनच्या एक तृतीयांश वीज पुरू लागली. म्हणजे एखाद्या घरात उजेड वाढला आणि युनिट घटले, असंही झालं असणार. दरडोई युनिट म्हणजे दरडोई उजेड नव्हे, हे प्रकल्पात ठळक लिहा.

आता खरी मेख. वीज कुणाची मोजली? शिकागोत सॅम्युअल इन्सल यांच्या कॉमनवेल्थ एडिसन कंपनीनं ट्रामला आणि उंचावरून धावणाऱ्या रेल्वेला वीज विकायचा सपाटा लावला होता. विक्रीचा फार मोठा वाटा तोच. लंडनमध्ये भुयारी रेल्वेसाठी लॉट्स रोडचं वीजघर १९०५ साली सुरू झालं, तर काउंटी कौन्सिलच्या ट्रामचं ग्रीनिचला स्वतंत्र. ही वीज पुरवठा कंपन्यांच्या विक्रीत येतच नाही. ट्राम दोन्हीकडे धावतेय, पण शिकागोत ती गिऱ्हाईक आहे आणि लंडनमध्ये घरचंच खाते.

सोलापूरकराला हे सांगायला लागू नये. आपली जुनी मिल १८७७ ची. आजोबा सांगायचे, एका इंजिनावर लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी माग चालायचे. भोंगा झाला की अर्धं गाव उठायचं. १९०१ च्या जनगणनेत सोलापूरची वस्ती ७५,२८८. फक्त विकत घेतलेली वीज या वस्तीवर वाटली असती, तर शाफ्टवरची ती सगळी ताकद शून्यात गेली असती आणि आपण अंधारातलं खेडं ठरलो असतो.

याच्या उलटही होतं. आपल्या सोलापूरजवळच्या फताटेवाडीचं औष्णिक वीजकेंद्र १,३२० मेगावॉटचं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. भागून पाहा, माणशी जवळपास १.४ किलोवॉट. वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणलंत तर माणशी बारा हजार युनिट. देशाची दरडोई सरासरी आत्ता कुठे चौदाशेच्या आसपास आली आहे! ती वीज इतर राज्यांतही जाते, आमच्या गल्लीतला पंखा दुपारी बंद पडायचा तो पडतोच. जुन्या तक्त्यात ‘दरडोई किलोवॉट’ दिसलं की मला फताटेवाडी आठवते.

खालचा आकडाही तितकाच लबाड. लंडन म्हणजे कुठलं लंडन? मधल्या ‘सिटी’त १९११ च्या जनगणनेत रात्री मुक्कामाला १९,६५७ माणसं होती आणि त्याच साली दिवसा मोजली तेव्हा ३,६४,०६१. कचेऱ्यांतले दिवे या साडेतीन लाखांसाठी आणि भागायचं वीस हजारांनी? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरची वीज मैदानाच्या राखणदारांवर वाटण्यासारखंच झालं. बर्लिनचंही तसंच. १९१० मध्ये शहराच्या हद्दीत सुमारे २० लाख लोक. शार्लोटेनबुर्ग, नॉयकोल्न ही तेव्हा वेगळी गावं. १९२० मध्ये ती आत घेतल्यावर ३८ लाख.

लंडन मागे होतं, हे मी नाकारत नाही. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तिथे ६५ वीजपुरवठादार, ७० वीजघरं आणि १० निरनिराळ्या फ्रिक्वेन्सी (वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट वाहते, ते माप) होत्या. असा कारभार असल्यावर वीज स्वस्त कशी पडणार? पण किती मागे, ते ट्राम-रेल्वेची वीज दोन्हीकडे धरून किंवा दोन्हीकडे वगळून पाहिल्याशिवाय बोलू नका. तुमच्या तक्त्यात प्रत्येक शहरापुढे चार रकाने पाडा : तयार झालेली की विकलेली, ट्रामसह की शिवाय, स्वतःची वीज करणारे कारखाने आत की बाहेर, हद्द कुठली. एखादा रकाना भरता आला नाही तर ते शहर तळटीपेत टाका. मार्क कापले तर माझ्याकडे पाठवा तुमच्या सरांना.

प्रश्न : बिलावर ‘किलोवॉट-तास’ न लिहिता ‘युनिट’ का म्हणतात?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : इंग्रजांच्या बोर्ड ऑफ ट्रेडनं वीज विकायचं माप ठरवलं, ते ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’. एक हजार वॅट, एक तास. पुढचं नाव गळलं, युनिट उरलं. आमच्याकडे यंत्रमागवाले तर ‘या महिन्यात किती पडले?’ एवढंच विचारतात, त्यांना युनिटही लागत नाही.