क्रूझवर स्वतःची दारू नेता येते का? शांपूच्या बाटलीत भरून नेली तर पकडतात का?

पकडतात. म्हणजे कधी पकडतात, कधी सुटतं, पण तुम्ही प्रश्नात नेमकं "शांपूच्या बाटलीत" असं लिहिलंय म्हणून हे टाइप करायला बसलोय, नाहीतर मी इथं फक्त वाचतो, लिहीत नाही.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे. व्हिस्की, रम, व्होडका वगैरे हार्ड लिकर बहुतेक मोठ्या कंपन्या चढूच देत नाहीत. वाइनला मात्र सूट असते. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, प्रिन्सेस या सगळ्यांकडे माणशी ७५० मिलीची एक सीलबंद बाटली चालते, तीही चढायच्या दिवशी आणि हातातल्या बॅगेत, कुलींकडे दिलेल्या बॅगेत नाही. वय जहाज कुठून सुटतंय त्यावर १८ किंवा २१. डिस्नीवाले पूर्वी त्यातल्या त्यात दिलदार होते, दोन वाइन किंवा सहा बिअर, आणि वाटेत प्रत्येक बंदरावर परत तेवढंच. नॉर्वेजियनवाले म्हणतात वाइन हवी तेवढी आणा पण प्रत्येक बाटलीमागे कॉर्केज, म्हणजे स्वतःची बाटली आणल्याचा आकार, भरा, खोलीत बसून प्यायलात तरी. एमएससीवाले सरळ नाही म्हणतात. झालं उत्तर.

आता शांपूचं.

आम्ही चौघं गेलो होतो, मी, बायको, मेहुणा आणि मेहुण्याची बायको. सात रात्रींची क्रूझ, कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक त्यांची नव्हतीच. मेहुणा म्हणजे प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेला माणूस. निघायच्या आठवडाभर आधी याचा फोन, दाजी, बारमध्ये एका पेगला जे देणार त्यात इथं अर्धी बाटली येते, आपण काय मूर्ख आहोत का. मी म्हणलं ड्रिंक पॅकेज घेऊ, म्हणजे एकदाच पैसे भरायचे आणि मग प्रत्येक पेगला वेगळे नाहीत. तर तो म्हणे पॅकेज एकट्यानं घेता येत नाही, एका खोलीतल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं, आणि आपल्या दोघींपैकी एक पीत नाही आणि दुसरी अर्ध्या ग्लासात झोपते. हे त्याचं खरं होतं, बऱ्याच कंपन्यांत तसाच नियम आहे, शिवाय वर १८ ते २० टक्के सर्व्हिसचे. म्हणून मी गप्प बसलो. तेच चुकलं माझं. एवढंच चुकलं, पुढचं काही नाही.

त्यानं एक-एक लिटरच्या तीन शांपूच्या बाटल्या आणल्या, धुतल्या (सात वेळा, हे तो अजून शपथेवर सांगतो), व्हिस्की भरली, झाकणाला आतून प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारली. यासाठी खास मऊ प्लास्टिकच्या पिशव्या मिळतात, रम रनर का काय नावाच्या, पण त्याच्या मते शांपू जास्त "नैसर्गिक" दिसतो. विमानतळावर त्याची बॅग वजनात बसेना, तेव्हा त्यातल्या दोन बाटल्या आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं माझ्या बॅगेत कोंबलं. टॉवेलात काय आहे विचारलं तर म्हणे टॉवेलच आहे.

बंदरावर मोठ्या बॅगा कुलींकडे द्यायच्या, त्या एक्स-रेतून जातात आणि संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. बाकी तिघांच्या आल्या. माझी नाही. जेवायची वेळ झाली तरी नाही. मग दाराला चिठ्ठी, सिक्युरिटीला येऊन भेटा. माझ्या पोटात गोळा. मेहुणा म्हणे दाजी, काही बोलायचं नाही, विचारतील तेवढंच उत्तर द्यायचं. कसा बोलतोय बघा, जसं काही याचं आयुष्य यातच गेलंय.

खाली एक खोली असते, तिथं अडवलेल्या सगळ्या बॅगा ओळीनं ठेवलेल्या, आणि आपल्यासारखेच पडलेल्या तोंडाचे लोक एकमेकांकडे न बघता उभे. नंबर आला. सिक्युरिटीवाला अगदी सभ्य होता, म्हणाला सर, तुमच्या बॅगेत एक न चालणारी वस्तू दिसतीये, काय आहे ते तुम्हाला माहितीये का.

मी म्हणलं, शांपू.

त्यानं माझ्या डोक्याकडे बघितलं. इथं सांगायला हवं की मला गेली पंधरा वर्षं टक्कल आहे, म्हणजे कडेला थोडे आहेत पण त्यांना लिटरभर शांपू लागत नाही. तो काहीच बोलला नाही, फक्त बघत राहिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, शांपू नाहीये, व्हिस्की आहे, दोन लिटर.

त्याचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. त्यानं हातातला कागद परत वाचला आणि म्हणाला, माझ्याकडे तर इस्त्री लिहिलीये.

टॉवेलात इस्त्री होती. मेहुण्याची. छोटी, प्रवासाची, घडी घालायची. फॉर्मल नाइटला, म्हणजे जेवायला सुटाबुटात जायच्या रात्री, शर्ट कडक पाहिजे म्हणून. क्रूझवर इस्त्री, किटली, तापणारी तार असलेलं काहीही खोलीत चालत नाही हे त्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं वाटतं.

तर त्यानं बॅग उघडून घेतली, इस्त्री काढली, पावती दिली, शेवटच्या दिवशी परत मिळेल म्हणाला. आणि शांपूच्या दोन्ही बाटल्या घेतल्या, त्याची पावती नाही. लपवून आणलेली दारू परत देत नाहीत, ओतून टाकतात. बंदरावर उघडपणे विकत घेतलेली बाटली मात्र चढताना ठेवून घेतात आणि प्रवासाच्या शेवटी परत देतात, जहाजावरच्या ड्यूटी फ्री दुकानातली पण तशीच. म्हणजे उघड आणाल तर नंतर का होईना मिळते, लपवून आणाल तर गेली.

आता खरा मुद्दा. गेली सहा वर्षं घरात चार माणसं जमली की मेहुणा ही गोष्ट सांगतो, आणि शेवटी म्हणतो चोराच्या मनात चांदणं, दाजींनी हात दाखवून अवलक्षण केलं, नुसतं "माहीत नाही" म्हणाले असते तर इस्त्री गेली असती आणि व्हिस्की राहिली असती. सगळे हसतात. मला हे एकदाच नीट लिहून टाकायचंय.

एक तर बॅग त्यांनी माझ्यासमोर उघडलीच असती, इस्त्री काही जादूनं बाहेर येत नाही, आणि बाटल्या इस्त्रीच्या डोक्यावर ठेवलेल्या होत्या, कोणी ठेवल्या ते तुम्हाला माहितीये. झाकणाला चिकटपट्टी मारलेल्या दोन लिटर शांपूकडे बघून टकल्या माणसाला कोण सोडेल. यावर मेहुणा म्हणतो शांपू बायकोचा आहे असं सांगायचं. हा मुद्दा त्याचा बरोबर आहे, मान्य, पण त्या वेळी सुचला नाही आणि जो माणूस वर बुफेच्या रांगेत उभा होता त्यानं मला काय सुचायला हवं होतं ते सांगू नये.

दुसरं, तो म्हणतो एक्स-रेवर शांपू आणि व्हिस्की सारखीच दिसते. हेही मी वाचून काढलं. सामान तपासायच्या मशीनवर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात आणि धातू निळा, त्यामुळे पाणी, शांपू, दारू सगळं नारिंगीच आणि इस्त्री निळी ठळक, इथपर्यंत त्याचं खरं. पण त्याचा अर्थ असा की बॅग अडली ती इस्त्रीमुळे! इस्त्री कोणाची? मग व्हिस्की कोणामुळे गेली? हे मी सहा वर्षं विचारतोय आणि तो सहा वर्षं विषय बदलतोय.

तिसरं, इस्त्रीला तो "फालतू नियम" म्हणतो. समुद्रात आग लागली तर अग्निशमनची गाडी येत नाही हो. २३ मार्च २००६ ला स्टार प्रिन्सेस जहाजावर पहाटे आग लागली, जमैकाकडे जाताना, एक प्रवासी गेला, आणि संशय कशावर होता तर बाल्कनीत पडलेल्या सिगरेटच्या थोटकावर. थोटकानं एवढं होतं तर तापलेली इस्त्री बेडवर विसरणाऱ्याचं काय करायचं. (मेहुणा विसरतो. घरी विसरलाय.)

आणि चौथं, दारू विमानातून चेक-इन बॅगेत न्यायची तर २४ ते ७० टक्के अल्कोहोलवाली माणशी ५ लिटरपर्यंत चालते पण दुकानातल्या मूळ पॅकिंगमध्ये. शांपूच्या बाटलीत ओतली की तिथंच नियम मोडला. म्हणजे जहाजापर्यंत पोचायच्या आधीच आपण चुकलेलो, आणि बॅगेवर नाव माझं.

तुम्ही म्हणाल तिसऱ्या बाटलीचं काय. ती सुटली. मेहुण्याच्या बॅगेत होती, डोक्यावर केस भरपूर, कोणी अडवलं नाही, आणि याचाच तो पुरावा म्हणून वापर करतो की पद्धत चालते. पद्धत चालते पण व्हिस्की चालत नाही. सात वेळा धुतली तरी प्लास्टिकला वास धरून राहतो आणि दारूत तो सगळा उतरतो. लव्हेंडर. पहिल्या रात्री खोलीत ग्लास भरले, सोडा घातला, फेस जरा जास्तच आला. मी एक घोट घेतला आणि ठेवला. त्यानं सात रात्रींत एकट्यानं लिटर संपवलं, केवळ मला दाखवायला, रोज पहिल्या घोटाला डोळे मिटून म्हणायचा वा. त्याची बायको म्हणाली याचा घाम पण लव्हेंडरचा येतोय.

आणि या सगळ्यात माझी बायको. तिनं कोणाला काही न सांगता कंपनीच्या साइटवरचा नियम वाचला, दुकानातून दोन वाइन घेतल्या, एक तिच्या आणि एक माझ्या हँडबॅगेत ठेवली, तपासणीला स्वतःहून काढून दाखवल्या, सिक्युरिटीवाल्यानं थँक्यू म्हणून पुढं सोडलं. माझी बॅग खाली अडकली होती म्हणून मी पहिल्या रात्री हाफ पँटवर होतो, डायनिंग हॉलमध्ये जायची लाज वाटली, तर आम्ही बाल्कनीत बसून त्यातली एक उघडली. त्या जहाजावर खोलीत प्यायची तर कॉर्केज नाही, हॉलमध्ये नेली तर होतं. मला वाइन फारशी आवडत नाही पण ती चांगली लागली.

कंपन्या बंदी का घालतात म्हणाल तर सुरक्षा वगैरे सांगतात, पण मुख्य कारण गल्ला. तिकीट स्वस्त दिसतं ते बार, कॅसिनो, सहली यांच्या जिवावर. तरी पूर्ण खोटंही नाही, दारू पिऊन रेलिंगवर चढणारे असतात आणि बारमन निदान हात आखडता घेऊ शकतो. कार्निव्हलच्या पॅकेजलासुद्धा २४ तासांत १५ ड्रिंकची मर्यादा आहे. १५ म्हणजे मर्यादा म्हणायची का हा वेगळा प्रश्न. आणि लपवाछपवीचा त्रास सगळ्यांना होतो, कार्निव्हलनं २०१५ पासून पाण्याची बाटली सुद्धा आणायला बंदी केली, कारण लोक पाणी म्हणून व्होडका आणायला लागले. आता कॅन चालतात, माणशी १२, तेही दारूचे नाहीत.

तर माझा सल्ला, वाइन उघडपणे न्या, बाकीची जहाजावर प्या, नाहीतर बंदरावर उतराल तेव्हा तिथं निवांत प्या आणि पोटातून आणा, त्याला एक्स-रे नाही. रोज चार-पाचच्या वर पिणार असाल तरच पॅकेजचा हिशोब मांडा. मेहुण्याला बरोबर नेऊ नका, किंवा न्या पण त्याची बॅग त्याच्याच नावानं जाऊ द्या.

हो, नियम बदलत राहतात, मी लिहिलेलं डोळे झाकून धरू नका, बुकिंग केलंय त्या कंपनीच्या साइटवर निघायच्या आठवड्यात परत बघा. आणि नदीवरच्या छोट्या क्रूझ असतात त्यात बऱ्याचदा एवढी कटकट नसते, वायकिंगवाले तर स्वतःची बाटली आणा म्हणतात. मी वर जे लिहिलं ते मोठ्या समुद्री जहाजांचं.

इस्त्री शेवटच्या सकाळी पावती दाखवून परत घ्यायची असते, त्यालाही रांग होती पाऊण तास, आणि उभा कोण होता तर मीच, कारण पावती माझ्या नावाची. ती अजून माझ्या कपाटात आहे. मेहुणा अधूनमधून मागतो. मी म्हणतो, सगळ्यांसमोर एकदा म्हण की बॅग इस्त्रीमुळं अडली, लगेच देतो. त्यानं नवीन घेतली.