साडेसत्त्याण्णवचा हिशोब मुलीलाच करू द्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि नऊ वर्षांपूर्वीचं आमचं जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर आलं. ऑगस्टमध्ये नाशिकहून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलात, मुलगी तिकडे नववी करून इथे दहावीत गेली, आता पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्म आलाय, आणि काही विचारलं की "मला माहितीये सगळं" म्हणून ती खोलीचं दार लावून घेते. तिला सगळं माहीत नसणार. माझ्या मुलालाही नव्हतं, पण तोही हेच म्हणायचा.

मी आधी काय चूक केली ते सांगते. शाळेचं शंभरेक पानांचं कोर्सचं पुस्तक मीच रात्री जागून वाचलं, पिवळ्या पेनाने रंगवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला शिकवायला बसले. दहा मिनिटांत भांडण. मग एका शनिवारी पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारून गणिताच्या वहीचं चौकटीचं पान त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, मला काही कळत नाहीये, तूच समजाव. पेन्सिल त्याच्या हातात गेली तेव्हा कुठे गाडी हलली.

त्या पानावर काय लिहायचं, तर न्यू जर्सीत हायस्कूलच्या डिप्लोमासाठी, म्हणजे बारावी पासच्या प्रमाणपत्रासाठी, राज्याला किमान १२० क्रेडिट लागतात. आठवड्याला एक तासिका, वर्षभर, म्हणजे एक क्रेडिट. रोज असणारा वर्षभराचा विषय म्हणून ५ चा. त्यात इंग्रजी २०, म्हणजे नववी ते बारावी चारही वर्षं सुटका नाही. गणित, विज्ञान, समाजशास्त्र प्रत्येकी १५. चित्रकला-संगीत-नाटक यातलं काहीतरी ५, करिअर किंवा तांत्रिक विषय ५, परकी भाषा ५, आर्थिक साक्षरता अडीच. आणि हेल्थ-पीई, म्हणजे आरोग्य आणि शारीरिक शिक्षण, दर वर्षी पावणेचार. ("पावणेचार म्हणजे किती?" हा प्रश्न आमच्याकडे आलाच. तुमची नाशिकची आहे, तिला सांगावं लागणार नाही.) चार वर्षांचे पावणेचार चोक पंधरा धरले की बेरीज साडेसत्त्याण्णव होते. उरलेले साडेबावीस तिच्या आवडीचे. हा साडेबावीसचा आकडा मुलाने स्वतः काढला तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा खुलला, कारण तोवर त्याला वाटत होतं की सगळंच शाळेची काउन्सेलर (विषय निवडीचा सल्ला देणारी) ठरवते. तुमच्या शाळेची स्वतःची अट १२० पेक्षा जास्त असू शकते, ती तिलाच शोधायला सांगा.

आता दुसरा रकाना, आणि इथेच आपले लोक फसतात. राज्याची अट म्हणजे फक्त डिप्लोमा. कॉलेजची मागणी वेगळी असते. राज्य परकी भाषेचं एक वर्ष मागतं, रटगर्स या इथल्या सरकारी विद्यापीठाची आर्ट्स अँड सायन्सेस शाखा एकाच भाषेची दोन वर्षं मागते. राज्याला गणिताची तीन वर्षं पुरतात, पण तिथल्याच इंजिनीअरिंगला चार लागतात, तीही प्रीकॅल्क्युलसपर्यंत, शिवाय केमिस्ट्री आणि फिजिक्स. त्यामुळे "ग्रॅज्युएशनला ऑन ट्रॅक" असा शेरा शाळेच्या पोर्टलवर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

गणिताबद्दल जरा लांबण लावते, कारण आमचं घोडं तिथेच अडलं होतं. आपल्या बोर्डात बीजगणित भाग १ आणि भूमिती भाग २ दरवर्षी बरोबरीने चालतात. इथे अल्जेब्रा १ (बीजगणित) एक वर्ष, मग जॉमेट्री (भूमिती) एक वर्ष, मग अल्जेब्रा २, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस अशी शिडी आहे. पुण्याची नववीची गुणपत्रिका बघून शाळेने मुलाला दहावीत अल्जेब्रा १ मध्ये टाकलं. दोन चलांची समीकरणं तो तिकडे करून आला होता. मीही विचार केला, सोपं आहे, मार्क मिळतील. ऑक्टोबरात त्या चौकटीच्या पानावर शिडी मांडली तेव्हा त्यालाच दिसलं: दहावीत अल्जेब्रा १, अकरावीत जॉमेट्री, बारावीत अल्जेब्रा २. प्रीकॅल्क्युलस बसतच नव्हतं. काउन्सेलरला ईमेल त्यानेच लिहिली, मी फक्त वाचून दिली. त्यांनी परीक्षा घेतली, अल्जेब्रा १ चं क्रेडिट पुण्याच्या नववीवर दिलं आणि त्याला जॉमेट्रीत हलवलं. तुमची मुलगी आत्ता कुठल्या पायरीवर आहे, हे आजच विचारा. या वर्षी हलवता आलं नाही, तर पुढच्या वर्षी जॉमेट्री आणि अल्जेब्रा २ एकदम घेता येतात का, किंवा एक उन्हाळ्यात करता येतो का, हे विचारा.

नाशिकच्या नववीचे क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर (चारही वर्षांच्या एकत्र गुणपत्रिकेवर) चढलेत का, तेही बघा. मार्क कसे उतरवलेत ते जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे ७५ म्हणजे डिस्टिंक्शन, इथे ७५ म्हणजे सी. काही शाळा नुसतं "पास" लिहून क्रेडिट देतात आणि जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. तसं असेल तर उत्तम, गप्प बसा. आकडा सरळ उतरवला असेल तर मात्र नम्रपणे भांडा.

ऑनर्स (त्याच विषयाचा जास्त अवघड वर्ग) आणि एपी (कॉलेजच्या पातळीचा वर्ग) यांचं आपल्या ग्रुपमध्ये उगाच वेड आहे. एपीला जीपीएत जास्त वजन मिळतं, किती ते शाळेगणिक बदलतं. पण आठ महिन्यांपूर्वी देश बदललेल्या पोरीने अकरावीत एक किंवा फार तर दोन घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अकरावीच्या वसंतात राज्याची ग्रॅज्युएशनची परीक्षाही असते, इंग्रजी आणि गणिताची. गणितात अल्जेब्रा १ आणि जॉमेट्रीच येतं, त्यामुळे वर सांगितलेली शिडी तिथेही नडते. तिच्या बॅचला नेमकी काय अट आहे, हे काउन्सेलरकडून लेखी घ्या.

पीईची कुरकुर ऐकू नका, ते कुणालाच चुकत नाही. बऱ्याच शाळांत दहावीच्या हेल्थमध्ये ड्रायव्हिंगची थिअरी असते, तेवढं सांगितलं की कुरकुर आपोआप थांबते.

आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली: परकी भाषेची अट प्रावीण्य दाखवूनही पूर्ण करता येते, आणि मराठीची परीक्षा आहे. स्टॅम्प नावाची, लेखन आणि बोलणं अशी दोन अंगांची. त्यावर बायलिटरसी सीलही, म्हणजे दोन भाषा येत असल्याचा शिक्काही, मिळू शकतं, जे डिप्लोमाबरोबर येतं. शाळा ही परीक्षा मानते का ते आधी विचारा, आणि रटगर्ससारख्या ठिकाणी त्यांची दोन वर्षांची अट त्याने भागेल का, हे त्यांनाच विचारा. तुमच्या मुलीला मराठी लिहिणं जड जाणार नाही, पण उत्तर संगणकावर टाइप करायचं असतं. जोडाक्षरं टाइप करताना माझ्या धाकटीची त्रेधा उडाली होती, तेव्हा देवनागरी कीबोर्ड आतापासूनच लावून द्या.